बाबा कुठल्या पाण्यावर जायचे

रविवारी सकाळी आमच्या घरात एक प्रश्न विचारायला बंदी होती. बाबा गळाची काठी खांद्यावर टाकून निघाले, की "कुठं चालले?" असं कुणी म्हणायचं नाही. टोकलं की मासा लागत नाही, म्हणे. लहानपणी मी एकदा विचारलं, तर मायनं असा चिमटा काढला की आजही दंड चोळावासा वाटतो. बाबा उंबरठ्यावरून मागे फिरले, पाणी प्यायले, घटकाभर बसले आणि पुन्हा निघाले. कुठं, ते देवाला ठाऊक. नागपूरला पाण्याची काय कमी? अंबाझरी आहे, गोरेवाडा आहे, कन्हान आहे, रामटेककडे खिंडसी आहे.

संध्याकाळी ते पिशवीतून रोहू आणायचे, नाहीतर झिंगे. माय असा रस्सा करायची की खाताना नाकाडोळ्यांतून धारा लागाव्यात. ते परत येईपर्यंत मात्र तिचा जीव टांगणीला असायचा. पाण्याशी खेळ म्हणजे काय सांगावं! दिवसभर ती दाराकडे बघायची, विचारायची मात्र कधीच नाही.

गळाला लावायच्या गऱ्या, दोरा, शिशाच्या गोळ्या, सगळं बाबा इतवारीतल्या एका बोळकंडीएवढ्या दुकानातून घ्यायचे. पूर्वी तिथं शिकारीचंही सामान असायचं, काडतुसं, टॉर्च, जंगलात घालायचे बूट. शिकारबंदी झाली आणि अर्धं दुकान ओस पडलं. दुकानदार मोठा चिकित्सक माणूस. गरी मागितली की आधी विचारणार, रोहूसाठी की मरळसाठी? मग दहा गऱ्या अंगठ्यावर टेकवून बघणार आणि त्यातली एक देणार. तोही कुठं जाणार, हे विचारत नसे.

पुढं बर्डीवर एक मोठं दुकान उघडलं. साबणापासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं एका छपराखाली. वरच्या मजल्यावर कॅरमबोर्डाशेजारी गऱ्यासुद्धा, प्लॅस्टिकच्या पाकिटात, इतवारीपेक्षा स्वस्त. सगळं नागपूर तिकडं लोटलं. आम्हीही गेलो, खोटं कशाला बोलू, मला तर तिथला पंख्याचा वारासुद्धा आवडायचा. इतवारीच्या दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच.

तेव्हापासून बाबा दुपारीच घरी यायला लागले, रिकाम्या हातानं. "आता मासा लागत नाही," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून निजायचे. माय बर्डीच्या दुकानाला शिव्या घालायची. तिच्या मते तिथल्या गऱ्याच बोथट होत्या.

एका उन्हाळ्यात बाबा गेले. घरच्या घरी, निजल्या जागी. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले आणि माय मला म्हणाली, "कुठी जात होते वं ते? मले ते पाणी दाखव एकदा." सारा संसार झाला तिचा, आणि हा प्रश्न ती पहिल्यांदा विचारत होती. आता टोकायला माणूसच उरला नव्हता. पण मी तरी काय सांगणार?

बाबांच्या पिशवीत बर्डीच्या दुकानाची पाकिटं निघाली, एकही न फोडलेलं. मी ती घेऊन तिथं गेले. काउंटरवरच्या पोराला विचारलं, ह्या गऱ्या कुठल्या पाण्यात चालतात? तो म्हणाला, सगळ्याच चालतात, ताई. बाबांचं वर्णन सांगितलं, तर म्हणे रोज शेकडो लोक येतात, कुणाकुणाला लक्षात ठेवायचं? त्याचंही खरंच होतं. तरी जिन्यावरून उतरताना मला रडू आलं.

मग इतवारी गाठली. दुकानदार त्याच शटरच्या वर राहत होता. माझं सगळं त्यानं ऐकून घेतलं. बाबांच्या गुडघ्यानं केव्हाच दगा दिला होता, असं त्यानं सांगितलं. तळ्याच्या काठावर उकिडवं बसणं जमत नव्हतं. काडतुसांची बाजू रिकामी झाली होती, तिथं त्यानं बाकडं टाकलं. बाबा दर रविवारी सकाळी येऊन त्यावर बसायचे आणि न पकडलेल्या माशांच्या गोष्टी सांगायचे. निघताना कोपऱ्यावरच्या ढिवरणीकडून मासे घ्यायचे.

"घरी सांगितलं असतं तं तुम्ही त्याईले दळणाले धाडलं असतं," तो म्हणाला. मला हसू आलं. धाडलंच असतं की!

बर्डीच्या दुकानात सगळं होतं, बसायला जागा तेवढी नव्हती. बाबा तिथं एखादं पाकीट घेऊन उभे राहत असतील, कुणी 'रोहू की मरळ' विचारतं का, याची वाट बघत. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. बाबा, मी विचारलं असतं हो.

मायला सांगायची मला भीती वाटत होती. इतके रविवार तिनं जीव मुठीत धरून काढले, आणि हे महाराज बाकड्यावर! पण ती रागावली नाही. धुवट लुगडं नेसली आणि चल म्हणाली. आमच्या टांडापेठेतून इतवारी ती किती? बोलता बोलता पोचलो. दुकानदारानं शटर वर केलं, बाकडं झटकलं. माय एका टोकाला बसली, दुसरं टोक मोकळं सोडून.

"इतल्या जवळ होते," ती म्हणाली. "माहीत असतं तं दुपारी गरम भाकर आणून देल्ली असती वं मी."