शिट्टीनंतरचा फटका

ओठ फाटला होता, दोन दात बर्फावर पडले होते, तरी तो खेळाडू हसत होता. ऊर्मिलाने एक फ्रेम पुढे सरकवली. त्याच हसऱ्या तोंडावर दुसऱ्याचं कोपर बसलं.

ऊर्मिला घाटगे मूळची कोल्हापूरची, शिकलेली मेकॅनिकल इंजिनिअरिंग. नवऱ्यामागून जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आली, भाषा जिभेवर बसेपर्यंत डिग्रीला बुरशी लागली. मग एका तळघरात जुन्या फिल्म्स जोडायचं काम मिळालं आणि हातांनी ते धरूनच ठेवलं. चौदा वर्षांत तिने परक्यांची इतकी लग्नं आणि नाताळ पाहिले, की बाजारात एखादी म्हातारी दिसली तर तिला नवरीच्या वेषात पाहिल्याचं आठवायचं. मारामारी मात्र पहिल्यांदाच आली होती.

१९६३ सालचा आइस हॉकीचा सामना. पगार घेऊन खेळणाऱ्यांची तिथली पहिली पिढी, ना डोक्याला हेल्मेट, ना दातांना कवच. कुणा मेलेल्या प्रेक्षकाच्या माळ्यावर सापडलेलं हे रीळ व्होल्टर्स नावाचे गृहस्थ घेऊन आले होते. वय पंच्याऐंशी. चित्रातला सात नंबर म्हणजे तेच.

त्या सामन्यात त्यांच्या काठीने आंटोन केसलरचा डावा डोळा फुटला. शिट्टी झाल्यावर मारलं, असा आरोप झाला. शिट्टी झालीच नव्हती, अशी व्होल्टर्सनी शपथ घेतली आणि ते सुटले. केसलर पुन्हा बर्फावर उतरला नाही. आता वृद्धाश्रमातून त्याने निरोप धाडला होता, रविवारी ये, पण खरं घेऊन ये.

"मी खोटं बोललो नाही," व्होल्टर्स पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "तुम्ही फक्त बघून सांगा."

ऊर्मिलाने अकरा वेळा पाहिलं होतं. शुक्रवारी दुपारी ते आले तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, काहीच कळत नाही म्हणायचं. कोपऱ्यात चहाचा थर्मास घेऊन तिचे सासरे पद्माकर बसले होते. तीन महिन्यांसाठी आलेले. तीस वर्षं कबड्डीचे पंच.

तिने फिल्म सोडली. सात नंबर धावत आला, काठी खांद्यावर गेली, खाली आली. केसलर गुडघ्यांवर कोसळला. बोटांमधून काळं काहीतरी बर्फावर सांडलं.

"मग, शिट्टी?" व्होल्टर्सनी विचारलं.

"फिल्मला आवाज नाही. नक्की सांगता येत नाही."

पद्माकरांनी विचारलं, काय म्हणतोय तो? तिने सांगितलं.

"शिट्टी कानानं कशाला ऐकायची? पाय बघ." ते उठले, तिला फटक्याआधीच्या फ्रेमवर परत न्यायला लावलं आणि पेन्सिल पडद्याला टेकवली. "चित्रात नऊ जण. हा थांबला. हा वळला. गोलकीपर काठी टेकून उभा. हा बिचारा घाम पुसतोय. आठ जण थांबलेत आणि एकटा हा पळतोय."

"बाबा, पाया पडते, गप्प बसा. म्हातारा आहे तो."

"मग मी काय तरणाबांड आहे? विचारायला आलाय ना? पंचानं तोंड फिरवायचं?"

काय चाललंय म्हणून व्होल्टर्सनी दोनदा विचारलं. पद्माकरांनी दोन बोटं ओठांशी नेली, फुंकर मारली आणि हात सरळ वर केला.

व्होल्टर्सची चालायची काठी मॉनिटरवर आदळली. पडदा तडकला. दुसरा घाव टेबलावर पडला, आणि मध्ये ऊर्मिलाचं मनगट आलं. थर्मास घरंगळला, चहा तिच्या पायांवर सांडला. व्होल्टर्सनी तिसऱ्यांदा काठी उचलली. दोन्ही मुठी घट्ट, उजवं कोपर बाहेर, अगदी चित्रातल्यासारखं. पद्माकरांनी ती वरच्या वर धरली. दोन म्हातारे धापा टाकत, शिव्या देत एकमेकांना रेटत राहिले.

"बस!" पद्माकर ओरडले.

व्होल्टर्सची नजर ऊर्मिलाच्या मनगटावर गेली. कातडी फाटून रक्त कीबोर्डवर ठिबकत होतं. काठी त्यांच्या हातून सुटली.

"पुन्हा दाखवा," ते म्हणाले.

मनगटाला रुमाल गुंडाळून तिने लॅपटॉपवर लावलं. या वेळी ते काठीकडे बघत नव्हते. थांबलेल्या आठ जणांवरून त्यांचं बोट एकेक करून फिरलं. मग त्यांनी फोन काढला, टेबलावर ठेवला आणि नंबर लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"आंटोन. शिट्टी झाली होती."

पद्माकरांनी हळूच विचारलं, काय म्हणतोय? ऊर्मिलाने हाताने थांबा अशी खूण केली.

"मला माहीत आहे," केसलर म्हणाला. "म्हणून तर मी थांबलो होतो."