परातीतली कण्हेर

भाचीनं जेवणाच्या टेबलावर पसरट भांड्यात गुलाबी फुलं मांडली होती. ती कण्हेर नव्हती, तरी मी आधी वाकून पाहिलं.

दुष्काळात केजजवळच्या आमच्या दूध सोसायटीनं चारा छावणी चालवली होती आणि मी सोसायटीची सचिव. साहेब पाहणीला येणार म्हणून चेअरमन म्हणाले, "ताई, टेबलावर फुलं ठिवा, पर बुटकी. सायबाचं तोंड दिसलं पायजे." सगळं करपलेलं, बहरली होती फक्त कण्हेर. विषारी म्हणून तिला गुरं तोंड लावत नाहीत. मी परातीत ओल्या वाळूवर तिची फुलं, पानं हौसेनं बसवली.

चहाचं बघायला वळले, तेवढ्यात छावणीत गुरं घेऊन आलेल्या रखमाबाईची सुटलेली गाय परातीत तोंड घालून उभी!

"कण्हेर हाय ती! गिळली का वं हिनं?" ओरडत रखमाबाईनं गायीच्या जबड्यात हात घातला. चघळलेलं एक पान निघालं. पोटात किती गेलं, कुणाला ठाऊक.

साहेब आले, गेले. आम्ही दोघी गायीसमोर बसून होतो. तिनं मान खाली घातली की मी उठून उभी राहायचे. ऊन कललं, तेव्हा कुठं ती रवंथ करू लागली. रखमाबाई एवढंच म्हणाली, "भुकेल्या जनावराला काय कळतंय, ताई?"

मला तर कळत होतं. अख्ख्या छावणीत हिरवं तेवढंच होतं, आणि ते मी नेमकं तिच्या तोंडाच्या उंचीवर मांडलं होतं.