पाण्यात राहून तहानलेलं बी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी खडेबाजारात छत्री दुरुस्त करून घेत होते. आक्का एवढंच म्हणाली, "गेले गं तुझे दाजी..." आणि मग, "काल सगळं बी भिजत घालून ठेवलंय त्येंनी." थोरल्या बहिणीला त्या घडीला बियाणं आठवावं, याचं आधी मला नवलच वाटलं. निपाणीच्या गाडीत बसल्यावर हळूहळू उमगत गेलं.

दाजींचं नदीकाठचं रान उसाला पाणी पाजून पाजून चोपण झालेलं. उन्हाळ्यात मातीवर मिठाची पांढरी साय धरायची. भावकीनं त्या तुकड्याचा नाद सोडला, पण दाजी हट्टाला पेटले... आमच्या उचगावचं भात तिथं पिकवणार! पहिल्या वर्षी एक दाणा वर आला नाही. मी मेहुणी, चेष्टा माझ्या हक्काची. "दाजी, खारवलेलं भात आता कोंबड्यास्नी घाला," म्हटलं. ते नुसते हसले. रानातल्या पाण्यात न उगवता पडून राहिलेलं मूठभर भात त्यांनी गोड्या पाण्यात धुतलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि दोन-तीन दिवसांनी मला हाक मारून फडकं उलगडलं. दाण्यादाण्याला पांढरा मोड! "मेलं न्हवतं गं," दाजी कुजबुजल्यासारखं बोलले. "मिठानं पाणी आत जाऊ दिलं न्हाय. पाण्यात बसून तहानलं हुतं बिचारं." एवढासा दाणा, आणि आत केवढा धीर! देवळातसुद्धा मी कधी इतकी गप्प उभी राहिले नसेन.

पुढं ते भाताच्या रोपांचा तरवा गोड्या मातीत टाकायचे आणि रोपं चांगली थोराड झाल्यावरच खाऱ्या रानात लावायचे. तिथं जी तगतील, त्यांचंच भात पुढच्या साली बियाला. असं वर्षानुवर्षं निवडत आणलेलं ते बी दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हतं, आणि यंदा होतं नव्हतं ते सगळं त्यांनी भिजवलं होतं.

रक्षाविसर्जन करून माणसं परतली तेव्हा कोपऱ्यातलं भिजल्या बियाचं पोतं हाताला गरम लागत होतं. तागातून मोड बाहेर आले होते. आणखी थोडं थांबलो असतो तर सगळं कुजलं असतं. दाजींची बहीण म्हणाली, "सुतकात कुणी पेरतंय व्हय? लोक काय म्हनतील?" तोवर भिंतीला टेकून बसलेली आक्का उठली. "सुतक आपल्याला, वन्सं. बियाला कुठलं?"

दाजींना शेवटची अंघोळ घातली होती तिथली माती अजून ओली होती. आक्कानं तिथनं कुंपणापर्यंत अंगण उकरलं आणि मुठीमुठीनं बी फेकलं. कुणी अडवलं नाही. थोड्या वेळानं वन्संच काठी घेऊन कोंबड्या हाकायला बसल्या. दहाव्याला आलेल्या माणसांनी हिरव्यागार अंगणाला वळसा घालून पलीकडं चपला काढल्या. तो हिरवा रंग बघून मला रडू आलं, आणि दाजी गेल्यावर पहिल्यांदाच बरंही वाटलं.

तरवा अजून अंगणातच आहे, आणि पावसानं ओढ दिली आहे. हल्ली सकाळी आक्का फोन लवकर उचलत नाही. काल विचारलं, "कुठं हुतीस गं?"

"त्यास्नी पाणी घालत हुतो."

आक्कानं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. 'ते' आणि 'त्यास्नी', एवढंच.