काजळी गेलेलं पातेलं

केशवराव सातपुते सरांची आणि माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. सरांनी उभारलेल्या नगरच्या आमच्या छोट्या संग्रहालयात मी मदतनीस म्हणून नुकतीच रुजू झाले होते. राजूरकडच्या हिराबाईंनी दिलेलं, भात शिजवायचं पितळेचं पातेलं कोपऱ्यात काळंकुट्ट पडलेलं दिसलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी स्वच्छता अंगी बाणवलेली. मी ते चिंच लावून लखलखीत घासलं.

सरांनी पाहिलं आणि ते खुर्चीत बसले. रागावले नाहीत. नोंदवही उघडून त्यांनी पातेल्यापुढे लिहिलं, ‘चुलीची काजळी आमच्या हातून गेली.’ माझं नाव घातलं नाही.

पुढे हिराबाई पातेलं पाहायला आल्या. “सासूनं जलमभर घासाय लावलं, तरी येवढं न्हाई उजळलं,” म्हणून हसल्या. मग त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “पर बाय, आता हे कुनाचंबी वाटतंय.”

सर मान खाली घालून उभे होते. वस्तू कुणाच्या हातून आली, हे जपण्यासाठीच त्यांनी आयुष्य वेचलं. प्रत्येक वस्तूला देणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी ते स्वतः बांधत. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या वस्तू त्यांत आहेत.

सरांच्या गौरव अंकासाठीचा हा लेख आनंदाने लिहायला हवा, पण तसा लिहवत नाही. छत गळू लागलं म्हणून संग्रहालय बंद झालं. वस्तू पोत्यांत भरून गोदामात गेल्या. चिठ्ठ्या सुटल्या, नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या. दुरुस्ती होईल, असं आता मला वाटत नाही.

पंचाहत्तरीतले सर तरीही दर शनिवारी रिक्षाने तिथे येतात. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. मी वस्तू हातात देते, ते चाचपून सांगतात आणि मी नवी चिठ्ठी लिहिते. “हा विळा पारनेरचा. मुठीला तार आहे ना? देणाऱ्याचं नाव...” हल्ली पुष्कळदा ते नाव येत नाही. मी जागा कोरी सोडते.

गेल्या शनिवारी मी न बोलता ते पातेलं त्यांच्या हाती दिलं. बोटं बुडाशी फिरली.

“हे तुमचं, शैलाताई.”

“हिराबाईंचं, सर.”

“त्यांचंच. पण एवढं घासलेलं दुसरं कुठलं असणार?”

कित्येक शनिवारांनंतर आम्ही दोघं हसलो.

सरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे हात आणि त्यांची आठवण शाबूत राहो. हे मागणं निव्वळ त्यांच्यासाठी नाही. न उघडलेली पोती अजून आढ्यापर्यंत रचलेली आहेत, आणि सर नसतील तर त्यांतलं सगळंच कुणाचंही होऊन जाईल.