जाळ्याचं डॉक्युमेंट आणि माणसाची ओळ

भाऊंनी "बटन दाबलं का होते ना?" असं विचारलं की माझं डोकं फिरायचं. भाऊ म्हणजे चामोर्शीतल्या आमच्या संस्थेचे प्रमुख. तलावांवर मासेमारी करणाऱ्या सोसायट्यांसाठी त्यांनी उभं आयुष्य घातलं होतं, पण कॉम्प्युटर म्हणजे त्यांना पिठाची गिरणी वाटायची, वरून टाकायचं आणि खालून घ्यायचं. मी नागपुरात कॉम्प्युटर शिकून गावी परतले होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, आणि माझ्या अंगात रग होती.

मासेमारांची माहिती आमच्याकडे डॉक्युमेंटांमध्ये भरलेली होती. ज्या प्रोग्रामात ती होती, तो फार मोकळ्या स्वभावाचा. एका डॉक्युमेंटात एक नाव लिहा नाहीतर सात लिहा, त्याची तक्रार नसे. आणि डॉक्युमेंट माणसागणिक नव्हतं, जाळ्यागणिक होतं. त्याला कारण तिथली रीत. मोठं ओढजाळं एकट्या घराचं नसतंच, तीन-चार घरं मिळून ते ठेवतात. गावात "मासेमार किती?" असं विचारलं की समोरचा जाळी मोजून सांगायचा. पाण्यात उतरून जाळं ओढणाऱ्याला हिस्सा, तसाच ओट्यावर बसून ते विणणाऱ्यालाही हिस्सा. लोकांनी सांगितलं तसंच डॉक्युमेंटात भरलं गेलं होतं, वर ओढणाऱ्यांची नावं, खाली विणणाऱ्यांची.

त्या वर्षी तलावाची लीज नव्याने व्हायची होती. चंद्रपूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा निरोप आला की यापुढे हिस्सेदारांची माहिती टेबलातच हवी, ओळी आणि रकाने पाडून. ज्याचं नाव टेबलात, तो हिस्सेदार. पण त्यांच्या प्रोग्रामला आमची डॉक्युमेंटं वाचताच येत नव्हती. सगळं पुन्हा टाइप करण्यात मला रस नव्हता. मी ठरवलं, माहिती आहे तिथेच राहू द्यायची आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती टेबलासारखी दिसेल असा व्ह्यू बनवायचा. व्ह्यूजवळ स्वतःचं काही नसतं, तो फक्त दाखवतो. भारनियमनाशी भांडत मी जोडणीचं सॉफ्टवेअर बसवलं. एका डॉक्युमेंटाची एक ओळ झाली आणि पडद्यावर टेबल कसं शिस्तीत उभं राहिलं. भाऊंनी खुशीत चहा मागवला. कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून प्रिंट काढून बाजाराच्या दिवशी सोसायटीच्या भिंतीवर लावली.

दुपारी एक बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. नवरा वारल्यापासून ती त्याच्याच जाळ्याची विणाई करून हिस्सा घेत होती.

"पोरी, माह्यं नाव कुठी हाय वं? पोराकडून सारं वाचून घेतलं, कुठीच नाई."

मी तिच्या जाळ्याचं डॉक्युमेंट उघडलं. खाली, विणणाऱ्यांत, तिचं नाव होतंच. पण एका रकान्यात एकच नाव मावतं, म्हणून सॉफ्टवेअरने प्रत्येक जाळ्याचं पहिलं नाव तेवढं उचललं होतं आणि बाकीची माणसं मागेच सोडली होती.

"हाय ना बाई, हे पाहा."

"इथी हाय, मंग भितीवर काऊन नाई? माहा दीर म्हणून राह्यला, वयनी पाण्यात उतरत नाई, आता नावबी नाई, मंग हिस्सा कायचा?"

आवाज तिने चढवला नाही. तो हिस्सा गेला तर चूल कशावर पेटणार, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

भाऊ म्हणाले, "तेवढं एक नाव खाली पेनानं लिहून टाक, आन पाठव."

माझा पारा चढला. "आणि बाकीच्या जाळ्यांतल्या बायका? त्यांनीही एकेक करून दारात यायचं का?"

भाऊ म्हणाले, "किती वेळ लागन?"

"बटन दाबण्यापेक्षा जास्त."

मी व्ह्यू मोडला आणि नव्याने मांडला. जाळ्यांचा एक, माणसांचा एक. वरच्या नावांना आणि खालच्या नावांना सारखाच मान, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ. लगेच दुसरी गंमत झाली. एक जावईबुवा बापाच्याही जाळ्यात होते आणि सासऱ्याच्याही, ते दोनदा आले. म्हणून मधे तिसरा व्ह्यू घातला, कोणत्या माणसाचा कोणत्या जाळ्यात हिस्सा, एवढंच सांगणारा. माणूस एकदाच, हिस्से असतील तितके. तिन्ही जोडून पाहिले तेव्हा इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. त्या डॉक्युमेंटांत एवढ्या बायका होत्या, हे मलाही तेव्हाच कळलं. चंद्रपूरला टेबल पोचलं, त्यांच्या प्रोग्रामने ते मुकाट्याने वाचलं, आणि लीज झाली.

लीजनंतर जाळ्यांची पहिली मोठी ओढ निघाली त्या सकाळी भाऊ मला तलावावर घेऊन गेले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, रोहू आणि कतला माशांचे ढीग पडले होते. एरवी जाळ्याच्या कारभाऱ्याला हाक मारायचे आणि तो सगळ्यांचा वाटा उचलायचा. आता सोसायटीचा सेक्रेटरी टेबल हातात धरून माणसागणिक नाव पुकारत होता. एकेक जण पुढे होत होता. मग त्याने त्या विणणाऱ्या बाईचं नाव घेतलं. कुणी पुढे आलं नाही. त्याने पुन्हा घेतलं.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर टोपली घेऊन उभी होती आणि इतरांसारखीच इकडेतिकडे बघत होती. लग्न होऊन आल्यापासून गावात ती कुणाची तरी बायको होती, कुणाची वहिनी होती, नंतर कुणाची आई झाली. त्या नावाने तिथे तिला कुणी हाक मारलीच नव्हती.

तिच्या दिराने खांद्यावरचं ओलं जाळं खाली ठेवलं आणि तिच्याजवळ आला.

"वयनी," तो म्हणाला, "तुलेच बलावून राह्यले. जाय ना."