वाळू नसलेले बिबडे

खानदेशातलं गाव सोडून आम्ही शहरात डिंडोलीला राहायला आलो. तिथे आमच्या घरासमोर मोकळं मैदान होतं, तोवर उन्हाळ्यात बिबडे कुठे वाळवायचे हा प्रश्नच नव्हता. ज्वारीच्या कण्यांचा शिजवलेला घाटा कापडावर पापडासारखा पातळ थापायचा आणि उन्हात ठेवायचा. मग त्या मैदानात सात माळ्यांची इमारत उभी राहिली. सरळसोट, रुंद, खाली मधोमध गाड्यांसाठी बोगद्यासारखा आरपार गाळा.

त्या वर्षी ताईच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता. खानदेशात पहिल्या वर्षीचे बिबडे लेकीला माहेरून जातात. आईने गावाहून ज्वारी मागवली. निम्म्या ज्वारीचे बिबडे शेजारणींसोबत थापले आणि इमारतीच्या कोपऱ्याला चिकटून खाटा टाकल्या. भिंतीआड वारा लागत नाही, हे तिला गावापासून ठाऊक होतं. दुपारी कापडं उडाली आणि बांधकामाची उरलेली वाळू ओल्या बिबड्यांवर बसली. सगळे टाकून द्यावे लागले.

संध्याकाळी एक शेजारीण मला म्हणाली, "काय इंजिनियर, तुना पुस्तकमा बिबडासनी जागा लिखेल से का?"

बाया हसल्या. आई हसली नाही. उरलेली ज्वारी एका खेपेपुरतीच होती.

तालुक्याच्या शाळेतून निघून मी घरातला पहिला पदवीधर झालो, तो आईने थकवा कधी न सांगितल्यामुळे. वारा उंच भिंतीला किती रेटतो, एवढं मला शिकवलं होतं. अडलेला वारा खाली जमिनीवर काय करतो, त्याचा धडा नव्हता.

मग मी जवळच्या कापड विणायच्या लूमवरचा फुकट जाणारा धागा आणला, काड्यांना बांधला आणि काड्या इमारतीभोवती रोवल्या. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला. तो समोरच्या भिंतीवर आदळून पायथ्याशी उतरत होता आणि वाट मिळेल तिथून जोरात निसटत होता. कोपऱ्यांवर आणि गाळ्याच्या तोंडाशी धागे आडवे ताणले गेले. मागच्या बाजूला, कोपरा आणि गाळा यांच्या मधल्या पट्ट्यात मात्र ते नुसते लोंबत होते.

"पन तठे दुपारनी सावली येस," आई म्हणाली.

ते खरंच होतं. म्हणून पहाटे थापायचं, सकाळचं ऊन त्या पट्ट्यात घ्यायचं आणि सावली आली की खाटा घरात न्यायच्या, असं ठरलं. एका दिवसाचं काम दोन दिवस चाललं. शेजारणींनी खाटा उचलायला हात लावला. इंजिनियरला चिडवणं चालूच राहिलं.

डबा मीच ताईच्या सासरी पोचवला. तिच्या सासूबाईंनी लगेच चार बिबडे तळले आणि माझ्याच ताटात पहिला ठेवला. ताईला वाळूची हकिगत कळली होती. ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी सावकाश चावला. करकर नव्हती.

"खाय ना अजून," ताई म्हणाली आणि डबा फडताळात ठेवायला आत गेली.