काकूंकडे ठेवलेलं प्रस्थान

समुद्रापासून इतक्या लांब बसून जहाजाची तिकिटं विकायची, हे काय काम झालं, असं म्हणून अण्णा मला चिडवायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमची क्रूझ कंपनी म्हणजे दोन जहाजं, मुंबईत एक खुराड्याएवढं ऑफिस, आणि फोनवर बोलणारी आम्ही माणसं नाशिकला, द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानाच्या वर. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून समुद्राचा कारभार नाशकात. खिडकीतून दिसायचा तो उड्डाणपूल आणि त्याच्याखाली तुंबलेला ट्रॅफिक. एखादा प्रवासी विचारायचा, "मॅडम, आज समुद्र कसा आहे?" मी खालच्या रिक्षांकडे बघत सांगायचे, "एकदम शांत आहे, सर."

अण्णा म्हणजे माझे वडील. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये त्यांची उभी हयात गेली. बागांतून आलेली द्राक्षं तिथे निवडायची, पेट्यांत भरायची, गार करायची आणि परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये चढवायची. हंगामात ते घरी यायचे तेव्हा त्यांची बोटं बर्फासारखी गार असायची. एकदाच कधीतरी ते कंटेनरच्या ड्रायव्हरबरोबर बंदरापर्यंत गेले होते. "माझी द्राक्षं लंडन बघून आली," ते म्हणायचे, "आन् मी न्हावाशेवाच्या गेटाच्या पुढं नाय गेलो." हे ते हसत सांगायचे, पण प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. माणूस एकच गोष्ट इतक्या वेळा हसत सांगतो तेव्हा ती हसण्यावारी न्यायची नसते, एवढं मला कळत होतं.

मग त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते घरात कोणालाच धड म्हणता येईना. कळलं ते इतकंच, की फुप्फुसं कडक होत चालली आहेत आणि गेलेला दम परत यायचा नाही. "कुठे न्यायचं असेल तर आत्ताच नेऊन आणा," डॉक्टर म्हणाले. कुठे न्यायचं हे मला कोणी सांगायची गरजच नव्हती. आम्हा नोकरांना घरच्यांसाठी सवलतीत केबिन मिळायची. मुंबईहून सुटणाऱ्या लक्षद्वीपच्या फेरीत मी तिघांची जागा घेतली.

निघायचा दिवस नेमका अमावास्येचा निघाला. जहाज काही आमच्या पंचांगाने सुटत नाही. पण आईकडे यावर उपाय होता. तिच्या माहेरी, निघायच्या दिवशी मुहूर्त नसला की आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचे. प्रवासाला जाणाऱ्याच्या वस्तूंचं एक गाठोडं करायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस मुहूर्तावर घराबाहेर पडला असं होतं. प्रत्यक्ष निघताना वाटेत ते गाठोडं उचलायचं. आईने अण्णांचा नवा स्वेटर, टॉवेल, मूठभर तांदूळ, सुपारी आणि त्यांचा चांगला चष्मा एका पंच्यात बांधला आणि ते गाठोडं चार गल्ल्या पलीकडे, मुंबईच्या बाजूला राहणाऱ्या काकूंच्या देवघरापाशी नेऊन ठेवलं. चष्मा कशाला, असं मी विचारलं. "तिथं समुद्र बघायला लागंल ना," ती म्हणाली. अण्णा मग जुन्या, एका दांडीला दोरा गुंडाळलेल्या चष्म्याने पेपर वाचायला लागले.

आम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात त्याच जहाजाच्या इंजिन रूममध्ये आग लागली.

आधी सांगून टाकते, कोणाचा जीव गेला नाही. जहाज किनाऱ्यापासून फार लांब नव्हतं, माणसं होड्यांतून सुखरूप उतरवली. पण सकाळी ऑफिसात पाय ठेवते तर सगळे फोन एकदम वाजत होते. मुंबईहून सूचना आली की आग हा शब्द वापरायचा नाही, 'तांत्रिक घटना' म्हणायचं. मला असल्या भाषेची तिडीक येते. टीव्हीवर धूर दिसतोय आणि मी कोणाला तांत्रिक घटना सांगू? पहिल्याच माणसाला मी सांगितलं, "हो, आग लागली होती, विझली, सगळी माणसं सुखरूप आहेत." आमचे सर काचेच्या पलीकडून ऐकत होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुपारपर्यंत तेही आगच म्हणायला लागले.

दिवसभर शिव्या खाल्ल्या. कोणाची रजा वाया गेलेली, कोणाचा हनिमून. एक निफाडकडचे बागायतदार मात्र म्हणाले, "ताई, बोट जळाली तर जळूं दे, माणसं शाबूत हायती ना? मंग तुम्ही कशाला रडवेल्या होता?" मी रडवेली का झाले होते ते त्यांना काय सांगणार.

कंपनी लहान असली तरी सरांनी क्रम नीट लावला होता. आधी जहाजावरचे लोक: त्यांच्या राहण्याची सोय, बस, सामान. मग पुढच्या फेऱ्यांचे लोक: त्यांना पूर्ण पैसे परत, नाहीतर तीच केबिन पुढच्या हंगामात. ज्यांची अडचण खरीच मोठी, त्यांना दुसऱ्या जहाजावर जागा. आणि सगळ्यात शेवटी आम्ही, नोकरांच्या घरची माणसं. क्रम बरोबरच होता. मी सरांच्या जागी असते तर हाच लावला असता. तरी मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन अण्णांचं सांगितलं. सरांनी स्क्रीनवर यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. दुसरं जहाज पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीपर्यंत भरलेलं होतं. "मॅडम, मी कोणाला उतरवू?" ते म्हणाले. बाहेर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

घरी मी सरळ सांगितलं की पैसे परत घेऊ. आई म्हणाली, "आन् प्रस्थान?"

"ते घेऊन येऊ ना काकूंकडून."

"ते घरात परत आणायचं नसतं. आणलं की निघालेला माणूस मागं फिरला असं व्हतं. पुढच्या हंगामात जायचं. तंवर राहूं दे तिथंच."

अण्णांना यात फारच मजा वाटली. कोणी तब्येत विचारली की ते म्हणायचे, "मी सध्या काकूंकडं ऱ्हातो. हितं नुसता जेवायला येतो." तेव्हा त्यांना अजून एवढं वाक्य एका दमात बोलता येत होतं.

एप्रिल संपता संपता त्यांना जरा बरं वाटायला लागलं. जिना उतरून ते कोपऱ्यापर्यंत चालून यायचे. मी म्हटलं, क्रूझ राहू दे, आपण मुंबईला जाऊ, गेटवेवरून लाँच सुटते, तासाभरात पलीकडे अलिबागच्या बाजूला सोडते. खारं पाणी, वारा, मागे पडत जाणारा किनारा, सगळं आहे तिथे. अण्णांचे डोळे चमकले. पण त्यांनी आईकडे बघितलं.

"त्या होडीसाठी ठेवलं व्हतं का प्रस्थान?" आई म्हणाली. "ते उचलून होडीत बसले, की झाला तोच परवास. मंग मोठा कुठला ऱ्हातो?"

"मग गाठोडं असू दे तिथे. आपण नुसते जाऊन येऊ."

"एकीकडं निघालेला माणूस दुसरीकडं जात नसतो."

मी चिडले. वाटेल ते बोलले. अण्णांनी मला हाताने थांबवलं. नंतर बाल्कनीत ते हळूच म्हणाले, "पोरी, तिचं मन मोडू नको. तिनं माझा दम त्या गाठोड्यात बांधून ठेवलाय. तिला वाटतं, परवास बाकी हाय तंवर मी कुठं जात नाय."

हे त्यांना कळलं होतं आणि मला इतके दिवस शेजारी बसून कळलं नव्हतं. मला आईचा राग येत होता आणि तिची कीवही येत होती, आणि दोन्हींतलं काहीच कमी होत नव्हतं. आजही होत नाही. त्या एप्रिलमध्ये अण्णा समुद्रावरून तासभर सहज जाऊन आले असते. त्यांनी बायकोच्या मनासाठी ते सोडलं आणि जुन्याच चष्म्याने पेपर नाकाजवळ धरून वाचायला लागले.

पाऊस आला आणि लाँच बंद झाल्या. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याच्या नळीच्या लांबीएवढंच मग अण्णांचं घर उरलं: पलंग, खिडकी, आणि ओढून धरली तर स्वयंपाकघराचा उंबरा. मी ऑफिसात लोकांना पुढच्या हंगामाच्या तारखा देत होते. फोनवर माझा आवाज छान असतो असं सगळे म्हणतात.

जहाज दुरुस्त होऊन मुंबईच्या धक्क्याला लागलं तेव्हा पाऊस ओसरत आला होता. तपासण्या बाकी होत्या, पहिली फेरी दिवाळीनंतर. ज्यांचा प्रवास बुडाला आणि ज्यांना दुसरी जागा देता आली नाही, अशांना कंपनीने एक दिवस जहाजावर जेवायला बोलवायचं ठरवलं. लहान कंपनीला परवडेल एवढी ती माफी होती. सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "जहाज हलणार नाही," ते म्हणाले, "पण वडिलांना आणा."

मी घरी सांगितलं तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. एरवी आईने त्या दिवसांत नवी चादरसुद्धा विकत घेतली नसती. मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. ती अण्णांकडे बघत राहिली, मग चपला घालून काकूंकडे गेली आणि गाठोडं घेऊन आली. तिने हट्ट सोडला होता. भांडली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतरची फेरी अण्णांच्या वाट्याला आली नाही. ते नवरात्रात गेले. त्या दिवसांबद्दल मला काही सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही.

त्या जेवणाच्या दिवशी मुंबईला जाताना गाडीत मी त्यांना नीट समजावलं होतं. "अण्णा, जहाज धक्क्यालाच आहे. सुटणार नाहीये."

"ठावं हाय," ते म्हणाले. "जेवायला बोलावलंय."

दोन खलाशांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. नवा स्वेटर अंगात ढगळ होत होता. जहाजाला ताज्या रंगाचा वास होता, आणि जिन्यापाशी गेलं की त्याच्याखाली अजून जळकट वास यायचा. अण्णांनी तो ओळखला. "लय जळलं व्हतं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली. वरणभाताचे दोन घास खाऊन त्यांनी ताट सरकवलं. मग आम्ही त्यांना डेकवरच्या आरामखुर्चीत निजवलं, सिलेंडर बाजूला ठेवला आणि आई समोर स्टूल ओढून बसली. पुढ्यात धक्का, त्यावर पिवळी क्रेन आणि तिच्या सावलीत डबे खात बसलेले हमाल. जहाज दोरखंडांनी करकचून बांधलेलं होतं. वारा मात्र समुद्राचा होता.

अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता, त्यांनी विचारलं, "निघालं का?"

त्यांना धाप लागली की अलीकडे काही गोष्टी आठवत नसत. की त्यांना सगळं आठवत होतं आणि तरी त्यांनी विचारलं, ते मला आजही माहीत नाही. ज्या बाईला 'तांत्रिक घटना' म्हणता आलं नव्हतं, तिने आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"निघालं, अण्णा," मी म्हटलं.

"हो," आई म्हणाली. "मघाच निघालं."

"किनारा दिसतो का अजून?"

"दिसतो थोडा," आई म्हणाली. "लांब गेला."

त्यांनी डोळे उघडले असते तर समोर क्रेनच दिसली असती. त्यांनी उघडले नाहीत. श्वास दोनदा आत ओढून घेतला, गार बोटांचा हात खुर्चीवरून उचलला, आणि मागे राहिलेल्या माणसांना करतात तसा हलवला. आई हातभर अंतरावर बसली होती. तिने पदर सावरला आणि तिनेही हात हलवला.